दोन मिनिटांत माणूस: झटपट रेखाटनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी सात-साडेसातला आम्ही पाच-सात जण नाशिकच्या गोदाघाटावर पॅड मांडीवर घेऊन बसतो. थोड्या वेळात मागे दोन-तीन माणसं येऊन उभी राहतात आणि ठरलेले प्रश्न विचारतात. उत्तर देईपर्यंत समोरचा माणूस उठून निघून जातो आणि चित्र अर्धवट राहतं. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय.

याला म्हणतात काय? रॅपिड, क्रोकी की जेश्चर?

आर्टच्या मुलांच्या तोंडी ‘रॅपिड’ असतं. "आज रॅपिड मारायला सीबीएसला जाऊ," असं. (सीबीएस म्हणजे इथलं मध्यवर्ती एस.टी. स्थानक.) क्रोकी हा फ्रेंच शब्द, अर्थ पटकन काढलेलं कच्चं रेखाटन. ‘जेश्चर’ हा शब्द रुळला तो बराचसा किमॉन निकोलाइड्स या शिक्षकामुळे. न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये ते शिकवायचे. १९३८ साली ते गेले आणि त्यांची शिकवण्याची पद्धत १९४१ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यांचं सांगणं थोडक्यात असं, की वस्तू कशी दिसते ते काढू नका, ती काय करतेय ते काढा.

मी स्वतः रॅपिड आणि जेश्चर यांत थोडा फरक करतो. रॅपिडमध्ये घाटाच्या पायऱ्या, छत्री, मागचं देऊळ, टेकवलेली सायकल असं काहीही येतं. ती प्रसंगाची नोंद असते. जेश्चरमध्ये फक्त शरीर आणि त्या शरीराचा भार. हा फरक सगळे मानत नाहीत, आणि न मानल्याने काही बिघडतही नाही.

तीस सेकंदांत काय काढून होणार?

कान, बोटं, बटणं होणार नाहीत. वाकणं होईल.

बुधवारच्या बाजारात एखादी बाई मेथीची जुडी उचलायला वाकलीय, असं धरा. पहिले पाच सेकंद पेन्सिल कागदाला लावूच नका, नुसतं बघा. तिच्या डोक्यापासून पाठीवरून खाली ज्या टाचेवर ती उभी आहे तिथपर्यंत एक सलग वळण दिसेल. ते एका रेषेत काढा. रेषा लांब हवी, कागदभर. मग डोक्याचा अंडाकृती गोळा, पण मान ज्या बाजूला कललीय त्याच बाजूला कललेला. मग खांद्यांची तिरकी रेघ आणि कमरेची तिरकी रेघ. या दोन रेघा सहसा समांतर नसतात, आणि त्या समांतर नाहीत हे दिसलं की अर्धं काम झालं. मग पाय. हात सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर. टायमर वाजला की थांबायचं. एक हात राहिला? राहू द्या.

लोकांना वाटतं वेळेची मर्यादा ही शिक्षा आहे. उलट ती सोय आहे. दहा मिनिटं दिली की आपण सगळेच नाकापासून सुरुवात करतो, कडेकडेने मुंगीसारखे खाली सरकतो आणि पायांपाशी पोचेपर्यंत कागद संपतो. तीस सेकंदांत तसं करताच येत नाही, त्यामुळे आख्खा माणूस एकदम बघावा लागतो.

तुम्ही सारखं ‘भार बघा, भार बघा’ म्हणता. म्हणजे काय बघायचं?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून इथे जरा पसरून बोलतो.

उभं राहा. सगळं वजन उजव्या पायावर टाका, डावा गुडघा सैल सोडा. हात कमरेवर ठेवून बघा: उजवीकडचं कमरेचं हाड वर गेलंय, डावीकडचं खाली आलंय. आता खांदे. उजवा खांदा आपोआप खाली झुकलाय, नाहीतर तोल गेला असता. आणि गळ्याच्या खालचा खळगा साधारण उजव्या टाचेच्या वर आलाय. ओळंबा सोडला तर दोर तिथेच टेकेल. पानाच्या टपरीवर उभा असलेला प्रत्येक माणूस असाच उभा असतो. दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून फक्त परेडमध्ये आणि पासपोर्ट फोटोत उभं राहतात.

आता यात ओझं घाला. नाशिक ढोल वाजवणारा मुलगा बघा. ढोल पोटासमोर लटकलेला, वजन पुढे ओढतंय, म्हणून त्याची पाठ मागे जाते आणि पोट पुढे येतं. ढोल न काढता नुसती ती पाठ काढली तरी बघणाऱ्याला कळतं की समोर काहीतरी जड आहे. डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईचं उलट असतं. मान आणि पाठ एका ओळंब्यात, हलतं ते फक्त कमरेखाली.

कामदा एकादशीला रामरथ निघतो तेव्हा दोर ओढणाऱ्यांकडे बघा. ते इतके पुढे झुकलेले असतात की दोर सुटला तर तोंडावर पडतील. म्हणजे त्यांचा तोल त्यांच्या पायांत नाहीच, दोरात आहे. दोर न काढता हे चित्र पुरं होत नाही. आणि त्याच मिरवणुकीत मानकरी बुवा रथाकडे तोंड करून उलटे चालतात. पुढे चालणारा माणूस टाच आधी टेकवतो, मागे चालणारा चवडा. एवढ्या एका फरकावर ती आकृती उलटी चालताना दिसते किंवा दिसत नाही. मला तीन वर्षं दिसली नाही.

हलणारी माणसं झेपत नसतील तर पांडवलेण्यावर जा. तिथे तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीखाली दगडी तुळया खांद्यावर घेतलेल्या सहा आकृत्या कोरल्या आहेत. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिच्या दानाचा शिलालेख याच लेण्यात आहे. बहुतेक लोक तो फलक वाचून फोटो काढून पुढे सरकतात. तुम्ही त्या सहा जणांसमोर बसा. ओझं खांद्यावर आलं की मान कुठे जाते, छाती कशी दबते, हे त्या कारागिरांना पक्कं ठाऊक होतं. आणि हे मॉडेल हलत नाहीत, चहाला जात नाहीत. एकेकाला दोन मिनिटं द्या, सहा झाले की पुन्हा पहिल्यापासून, या वेळी एकेक मिनिट.

साहित्य काय लागतं?

निळं बॉलपेन आणि पाठकोरे कागद. खरंच. ऑफिसातल्या एका बाजूने छापलेल्या कागदांचा गठ्ठा हे या कामाचं सर्वोत्तम साहित्य आहे, कारण वाया गेल्याचं दुःख होत नाही. महाग स्केचबुक घेतलं की हात घाबरतो आणि प्रत्येक पान ‘चांगलं’ यावं असं वाटू लागतं.

पुढे हौस वाढली की ६बी पेन्सिल, चारकोल आणि न्यूजप्रिंटचा, म्हणजे वर्तमानपत्राच्या कोऱ्या कागदाचा गठ्ठा. न्यूजप्रिंट स्वस्त असतो आणि चारकोल त्यावर छान धरतो, मात्र तो वर्षभरात पिवळा पडतो. खोडरबर घरी ठेवा. हार्डबोर्डचं पॅड आणि दोन मोठ्या क्लिपा मात्र हव्यात, घाटावर वारा असतो.

पेन्सिल लिहिताना धरतो तशी धरली तर फक्त मनगट फिरतं आणि रेषा दोन इंचांत संपते. आडवी धरा, तळहाताखाली, आणि खांद्यातून हात फिरवा. पहिले आठ दिवस रेषा वेड्यावाकड्या येतील.

चेहऱ्यांसाठी वेगळा सराव लागतो का?

लागतो. शरीर जमणारी माणसं चेहऱ्यावर आली की पुन्हा डोळ्यांच्या पापण्या मोजायला लागतात.

चेहऱ्यातही पहिला प्रश्न तोच: डोकं कुठे कललंय? अंडाकृती गोळ्यावर दोन रेघा मारा. भुवयांची आडवी आणि नाकाच्या मधून जाणारी उभी. गोळा गोल आहे, म्हणून या रेघाही वळतात. माणूस खाली बघत असेल तर आडवी रेघ मध्यभागी खाली झुकते, वर बघत असेल तर मध्यभागी वर जाते. या दोन रेघा बरोबर बसल्या की नाक-डोळे काढायची घाई राहत नाही.

आपल्याकडे एक आयती सोय आहे, गांधी टोपी. टोपीची खालची कड डोक्याभोवती फिरते, तीच कललेली आडवी रेघ समजा. बाजार समितीच्या आवारात टोपीवाले शेतकरी बसलेले असतात, तिथे एका सकाळीत डोक्याचा कल जितका कळतो तितका महिनाभर फोटो बघून कळत नाही. डोक्यावरचा पदरही तेच काम करतो, फक्त त्याची कड सैल असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे डोळे फार वर काढणं. मोठ्या माणसाच्या डोळ्यांची रेघ टाळू ते हनुवटी या अंतराच्या जवळजवळ मध्यावर असते. पट्टी लावून आरशात बघा, विश्वास बसणार नाही. कपाळ आणि केस आपल्याला महत्त्वाचे वाटत नाहीत म्हणून आपण ती जागा खाऊन टाकतो, आणि मग सगळे चेहरे चपटे दिसतात. लहान मुलांचे डोळे मध्याच्याही खाली असतात. तसे काढले नाहीत की कडेवरचं बाळ छोट्या आकाराचा काका दिसतं.

साम्य कशात असतं? दुरून गल्लीच्या टोकाला आपला भाऊ येताना दिसला तर आपण ओळखतो, डोळे-नाक दिसत नसतानाही. डोक्याचा आकार, केसांची कड, मान खांद्यात कशी बसलीय, यावरून. दोन मिनिटांच्या चेहऱ्यात तेवढंच पकडायचं. डोळे काढण्याऐवजी डोळ्यांच्या खोबणीतली सावली, नाकाखालची सावली, खालच्या ओठाखालची सावली, असे तीन डाग टाका आणि थांबा. डोळे किलकिले करून बघितलं की हे डाग आपोआप वेगळे होतात.

हावभावांसाठी घरचा उपाय म्हणजे टीव्हीवरची चर्चा आवाज बंद करून लावणं. चार माणसं एकाच वेळी भांडत असतात, आणि तोंडं कशी वळतात ते फार नीट दिसतं.

समोरचा माणूस हलतो, उठून जातो. मग?

जाऊ दे. अर्धी चित्रं हा या कामाचा भाग आहे.

पण काही माणसं पुन्हापुन्हा तीच हालचाल करतात. उंचावरून चहा ओतणारा, हार ओवणारी मावशी, कपडे आपटणारा धोबी, वजनकाट्यावर बटाटे टाकणारा. अशांसाठी एकाच पानावर तीन-चार आकृत्या उघडून ठेवा. हात वर असतानाची एक, खाली असतानाची दुसरी, मधली तिसरी. हात वर गेला की पहिलीवर काम करा, खाली आला की दुसरीवर उडी मारा. दहा मिनिटांत चारही भरत जातात.

ज्या गोष्टी एकदाच घडतात त्या आठवणीतून काढाव्या लागतात. रंगपंचमीला रहाडीत (रंगाच्या पाण्याने भरलेल्या जमिनीतल्या हौदात) धप्पा मारणाऱ्याची उडी सेकंदभराचीसुद्धा नसते. तिथे कागद नेण्यातही अर्थ नाही, भिजून लगदा होतो. बघायचं, डोळे मिटून एकदा पुन्हा बघायचं आणि घरी येऊन काढायचं. शिल्पकार रोदँ आपल्या मॉडेलना खोलीत मोकळं हिंडू द्यायचा आणि नजर कागदाकडे न वळवता काढत राहायचा. हेही करून बघा. डोळे माणसावर, हात कागदावर. पाय भलतीकडे जातील, पण रेषेत जो जिवंतपणा येतो तो सावधपणे काढून येत नाही.

नवशिक्यांना मी सीबीएसला पाठवतो. गाडीची वाट बघणारा माणूस दहा मिनिटं जवळजवळ तसाच बसतो, आणि कंटाळलेल्या शरीराइतकं प्रामाणिक शरीर दुसरं नाही. बॅगेवर टेकलेलं, खांबाला टेकलेलं, दुसऱ्या झोपलेल्या माणसावर टेकलेलं.

लोक रागावत नाहीत का?

क्वचित. बहुतेकांना गंमत वाटते. एकदा भाजीवाल्या आजींनी पॅड हातातून ओढून घेतलं, नीट बघितलं आणि म्हणाल्या, "नाक माझं नाय हे. पर बसलेय मी अशीच." मला आजवर मिळालेला हा सगळ्यात चांगला अभिप्राय आहे.

पण काही गोष्टी आम्ही पाळतो. रामकुंडावर दशक्रिया विधी चालू असतात. डोकं भादरून बसलेला मुलगा चित्रासाठी कितीही ‘चांगली पोझ’ असला तरी काढायचा नाही. आंघोळ करणाऱ्या, कपडे बदलणाऱ्या बायकांकडे तोंड करून बसायचंही नाही. कुणी मान वळवली, पदर सावरला, की पान उलटायचं आणि दुसरीकडे बघायचं, विचारायची वाट बघायची नाही. कुणी विचारलं तर चित्र दाखवायचं. मागितलं तर फाडून देऊन टाकायचं. शेजाऱ्यांची मुलं असतील तर त्यांच्या आईला आधी सांगायचं.

घरी बसून फोटोवरून सराव केला तर चालतो?

चालतो, आणि पहिले काही महिने तोच सोपा. ‘लाइन ऑफ अ‍ॅक्शन’ आणि ‘क्विकपोझेस’ या साइटवर वेळ ठरवली की फोटो आपोआप बदलत जातात. पालकांसाठी एक सूचना: अशा ठिकाणी नग्न मॉडेलही असतात. सुरुवातीला कपडे घातलेल्या मॉडेलचा पर्याय निवडता येतो, तो निवडून मग मुलांना बसवा.

यातला तोटा असा, की त्या फोटोंतली माणसं बहुतेक नर्तक किंवा कसरतपटू असतात. ती हवेत झेपावतात, धनुष्यासारखी वळतात. अशा पोझेस काढून काढून हाताला नाट्याची सवय लागते, आणि मग स्टुलावर बसून बिडी ओढणारा माणूस समोर आला की काढायला काहीच नाही असं वाटतं. शिवाय कॅमेऱ्याने दृश्याची खोली आधीच सपाट करून दिलेली असते. आठवड्यातले पाच दिवस फोटो आणि एक दिवस बाहेर, असं करा. हालचालीचे टप्पे समजून घ्यायचे असतील तर मायब्रिजच्या छायाचित्रांच्या मालिका बघा, १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या. चालणं, पायऱ्या चढणं, बादली उचलणं अशा साध्या क्रिया त्यात क्षणाक्षणाने तोडून दाखवल्या आहेत.

रोज किती वेळ द्यायचा?

वीस-एकवीस मिनिटं. तीस सेकंदांची दहा, एक मिनिटाची पाच, दोन मिनिटांची तीन आणि शेवटी पाच मिनिटांचं एक. सकाळी चहा उकळतो त्या वेळात नाही. टायमर लावून, बसून. कुकरच्या शिट्टीला टायमर समजणारा एक जण आमच्यात आहे, त्याची चित्रं कधी वीस सेकंदांची असतात तर कधी सात मिनिटांची.

आधी अ‍ॅनाटॉमी, म्हणजे शरीररचना, शिकायला हवी ना?

नको. डोकं, छातीचा पिंजरा आणि कंबर हे तीन गोळे एकमेकांवर कसे कललेत एवढं पुरेसं आहे. मोठ्या माणसाची उंची साधारण सात ते साडेसात डोकी भरते, एवढंच लक्षात ठेवा. पाच-सहाशे आकृत्या झाल्या की गुडघ्यात नेमकं काय असतं हा प्रश्न तुम्हालाच पडेल, तेव्हा पुस्तक उघडा.

साडी, धोतर नेसलेल्या माणसाचं शरीर दिसतच नाही. भार कसा ओळखायचा?

कापड कुठे अडकलंय ते बघा. कापड शरीराला काही मोजक्या जागी टेकतं (खांदा, कंबर, वाकलेला गुडघा, कोपर) आणि चुण्या तिथूनच निघतात. पंख्याच्या काड्यांसारख्या. पाय दिसला नाही तरी एका गुडघ्यावरून चुण्या सुटलेल्या दिसल्या की तो पाय पुढे आहे आणि सैल आहे. ज्या बाजूला चुण्या सरळ ओळंब्यात पडतात त्या पायावर वजन.

नऊवारी चित्रकाराला सोपी, काष्ट्यामुळे दोन्ही पाय वेगळे कळतात. सहावारीत फसगत होते. निऱ्यांचा त्रिकोण काढून आपण खूश होतो आणि बाई घंटेसारखी जमिनीवर ठेवलेली दिसते. त्यावर इलाज म्हणजे आधी आतले पाय दोन रेघांनी काढा, मग वरून साडी. त्या रेघा चित्रात राहिल्या तरी हरकत नाही.

मुलगी एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसतेय. याचा उपयोग होईल?

स्मरणचित्रात नक्की होईल. बाजार, बसथांबा, पतंग उडवणारी मुलं असल्या विषयांत माणसं लागतातच, आणि परीक्षेत बहुतेक मुलं एकच पाठ केलेला माणूस चार वेगवेगळ्या रंगांच्या शर्टात उभा करतात. जिने शंभर-दोनशे माणसं बघून काढली आहेत तिच्या चित्रातला फुगेवाला खरंच फुगे धरून उभा राहतो. पुढे कलाशाखेच्या सीईटीतही स्मरणचित्र आहेच.

पण परीक्षेच्या कागदावर तीस सेकंदांची रेघोटी ठेवून येऊ नका. तिथे पूर्ण केलेलं, रंगवलेलं चित्र हवं असतं. आकृती झटपट मांडायची आणि मग वेळ देऊन सजवायची. आणि मुलगी आठ-नऊ वर्षांची असेल तर तिला यातलं काही शिकवू नका. त्या वयातली मुलं आपोआप क्रियाच काढत असतात.

तीन महिने झाले, काहीच सुधारणा नाही.

कागदांवर तारीख टाकता का? टाकत नसाल तर आधी ते सुरू करा, कारण सुधारणा रोज दिसत नाही आणि पहिल्या आठवड्यातले कागद काढून शेजारी ठेवले की बहुतेक वेळा दिसते.

तरीही नसेल, तर बऱ्याचदा एकच कारण असतं: घाईघाईत तीच जुनी बाह्यरेषा काढली जातेय. दोन मिनिटांचं काम तीस सेकंदांत उरकणं म्हणजे जेश्चर नव्हे. ओळखायची खूण अशी, की रेषा केसाळ दिसते, एकाच जागी दहा छोट्या छोट्या रेघा, जणू कुंचल्याने चाचपडत गेलंय. यावर उपाय रेषा मोजणं. आख्खी आकृती दहा रेषांत काढा. मग सातमध्ये. पाचमध्ये काढायची वेळ आली की कोणती रेषा खरी हे ठरवावंच लागतं.

दुसरं, सगळं एकदम सुधारायला जाऊ नका. एक आठवडा फक्त कमरेचा कल. बाकी चुकू दे. पुढच्या आठवड्यात फक्त पावलं. पावलं सगळेच टाळतात, कागद तिथेच संपतो म्हणे. कागद संपत नाही, आपण डोकं मोठं काढतो.

आणि आपल्या खोडी दुसऱ्याला विचारा. माझी सगळी माणसं वर्षभर डावीकडे बघत होती. उजव्या हाताने काढणाऱ्याला डावीकडे बघणारा चेहरा सोपा जातो म्हणून मी नकळत घाटाच्या त्याच बाजूला बसायचो. हे माझ्या लक्षात आलं नाही, शेजारी बसणाऱ्या दहावीतल्या मुलीच्या आलं.

टॅबवर काढलं तर?

काढा, फक्त ‘अनडू’चं बटण बंद करा.

ही नुसती कसरत आहे, की यातून चित्र होतं?

बहुतेक वेळा कसरतच. गायक रियाज रेकॉर्ड करून विकत नाही. पण जपानच्या होकुसाईने १८१४ पासून अशा छोट्या रेखाटनांचे खंडच्या खंड छापले. कुस्ती खेळणारे, आंघोळ करणारे, वाऱ्यात टोपी सांभाळणारे लोक आहेत त्यात, आणि ते आजही बघावेसे वाटतात. जवळचं उदाहरण हवं असेल तर आपल्या नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे यांचे गोदाघाटाचे जलरंग बघा. देवळं, पायऱ्या, पाणी बघून झालं की तिथल्या माणसांपाशी थांबा. जवळ जाऊन बघितलं तर रंगाचे चार ठिपके, आणि दोन पावलं मागे आलं की कुणी वाकलेला, कुणी चढतोय. ते ठिपके तसे पडायला आधी किती माणसं बघून झाली असतील, हे प्रदर्शनात लावलेलं नसतं.

जुन्या कागदांचं काय करता?

वर्षातून एकदा दिवाळीच्या साफसफाईला चाळतो. वीस-पंचवीस ठेवतो, बाकी रद्दीत. चारकोलची चित्रं ठेवायची असतील तर फिक्सेटिव्ह (चारकोल कागदावर पक्का करणारा फवारा) मारा, किंवा मधे बटर पेपर घाला, नाहीतर एकाचं तोंड दुसऱ्याच्या पाठीवर उमटतं.

तुमच्याबरोबर बसायला यायचं असेल तर? पावसाळ्यात असता का?

या. फी नाही, हजेरी नाही. पाठकोरे कागद थोडे जास्त आणा, कुणीतरी विसरलेलं असतंच.

पावसाळ्यात सगळं नदीवर आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाला लागलं, की आमचा घाट बंद. मग आम्ही सीबीएसला छपराखाली बसतो. तिथे आत येणारा प्रत्येक माणूस आधी छत्री झटकतो: हात पुढे, पोट आत, मान बाजूला वळवलेली आणि एक पाय मागे, शिंतोडे चुकवायला. फार वेळ मिळत नाही, दोन-तीन सेकंद. पण एस.टी. लागली की पाठोपाठ वीस जण येतात.